पेटीवाल्याच्या घरची कॅरेटं

अकरावीच्या पुस्तकात 'उद्यमी के गुण' नावाचा एक धडा होता. पुस्तक हिंदीत, पोरं घरी मराठी बोलणारी, आणि शिकवणारा मी, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेतला वाणिज्याचा मास्तर. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचाच, म्हणून दरवर्षी मी तो धडा घसा फोडून शिकवायचो. दूरदृष्टी, संयम, मधुर वाणी, वेळेचं नियोजन, संकटात न डगमगणारं मन. पोरं मुकाट्यानं उतरवून घ्यायची आणि मी संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला घरी यायचो. घरी आलो की समोरच्या अंगणात इंदूवहिनी कोणाशी तरी भांडत असायच्या.

या बाईत त्या धड्यातला एक गुण असेल तर शपथ. संयम म्हणाल तर चहा उकळेपर्यंत धीर नाही. मधुर वाणी म्हणाल तर त्यांच्या तोंडी लागायला नको म्हणून दूधवाला भांडं भिंतीवर ठेवून पसार व्हायचा. वीज कडाडली की ही बाई पलंगाखाली. आणि वेळेचं नियोजन? दुपारचं जेवण झालं की त्या झोपत. दारात गाडी भरायला उभी असो, व्यापारी बोंबलत असो, झोपणार म्हणजे झोपणार. तरीही आमच्या या संत्र्याच्या पट्ट्यात रिकामी कॅरेटं भाड्यानं देण्याचा धंदा पहिल्यांदा कोणी उभा केला, तर या बाईनं. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या गल्लीत येऊन एक कप चहा घेतला असता तर धडा जरा बरा झाला असता, असं मला कायम वाटत आलं आहे.

कॅरेट म्हणजे प्लास्टिकचा जाळीचा खोका. आता भाजीबाजारात, लग्नात, किराणा दुकानात जिकडेतिकडे दिसतो. पण मी सांगतोय ती गोष्ट सुरू झाली तेव्हा आमच्याकडचा संत्रा लाकडी पेटीत जायचा, आणि पांढुर्ण्यात पेटी म्हटली की मनोहर. मनोहर म्हणजे इंदूवहिनींचे यजमान आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याचा कारखाना. सालईच्या फळ्या, खिळ्यांचे डबे, आणि दिवसभर ठकठक. सालईला एक डिंकाचा वास असतो. तो वास मनोहरच्या सदऱ्याला, गादीला, घरातल्या पोळ्यांनासुद्धा यायचा. तो फळी मापून कापत नसे, बोटानं चाचपून कापायचा, आणि बरोब्बर बसायची. "दूरच्या मंडीत माही पेटी हुंगून ओळखतेत, मास्तर," असं तो सांगायचा. यातलं किती खरं देव जाणे, पण सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा की खोटं म्हणायची छाती होत नसे.

मग प्लास्टिक आलं. आधी नागपूरचे व्यापारी आपापली कॅरेटं घेऊन येऊ लागले, मग इकडचे बागायतदार ती मागू लागले. मनोहरचं एकच पालुपद. "प्लास्टिकमधी संत्र्याचा दम घुटते. पाहाच तुमी. दोन सीझनमधी हे लोक परत माह्याच दारात येतीन."

कोणी आलं नाही. खिळे ठोकायला येणाऱ्या बाया एकेक करून कापूस वेचायला निघून गेल्या. ठकठक कमी होत गेली. मनोहर मात्र पेट्या करतच राहिला. शेड भरलं, मग अंगण भरलं, मग माझ्या ओट्यावर पेट्यांची चळत लागली. दोस्ताला 'उचल' म्हणता येईना, आणि बायको रोज विचारायची की हे लग्नघर आहे का.

अशात इंदूवहिनी नागपूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. परत आल्या त्या टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून. मागे दोरीनं करकचून बांधलेली जुनी, मळकी, लाल-निळी कॅरेटं. कोण्या व्यापाऱ्यानं जुना माल काढला होता, आणि भाचीच्या आहेराचे पैसे मोजून यांनी तो उचलला होता. त्यावरून माहेरच्यांनी पुढं किती दिवस टोमणे मारले ते विचारू नका.

मनोहर शेडमधून बाहेर आला. हातात हातोडी तशीच.

"हे का होय?"

"कॅरेट."

"कोनाचे?"

"आपले. भाड्यानं देऊ. तोड चालू झाली की लोकायले कॅरेट पुरत नाई. अजी, असं पाहून काऊन राहिले? तुमच्या पेट्या कोनी घेऊन राहिलं का?"

तो शेवटचा प्रश्न नको होता. पण वहिनींना अमुक एक वाक्य नको होतं हे कधी कळलंच नाही. मनोहर शांतपणे म्हणाला, "माह्याच अंगनात माहा वैरी आनून बसवला तुनं." आणि आत गेला. त्या दिवसापासून तो बायकोशी बोलेनासा झाला, आणि शेडमधली ठकठकही थांबली.

आता या नवराबायकोचा अबोला म्हणजे माझं मरण. मी वाणिज्य शिकवणारा माणूस, फुकटात टपालखात्यात भरती झालो. संध्याकाळी मनोहर माझ्या ओट्यावर बसलेला, वहिनी हातभर अंतरावर उभ्या.

"भाऊजी, यायले सांगा, जेवन वाढलं हाय."

"मास्तर, तिले सांग, मले भूक नाई."

"यायले सांगा, सकाळपासून चहावर हायेत."

"तिले सांग, वैऱ्याच्या पैशाची पोळी मले गोड लागत नाई."

मी दोघांच्या तोंडाकडे पाहून मान हलवायचो. ऐकू तर दोघांनाही येत असे. निरोप्या म्हणून मला काम काही नव्हतं. पण मी उठलो तर दोघं गप्प होत, म्हणून मी बसून राहायचो. घर कशावर चालेल हा घोर होताच. पण मला त्याहून मोठा घोर होता तो या दोघांचा. ही पुन्हा एकमेकांशी बोलणार का, की मरेपर्यंत मी मध्ये बसून 'सांगा' ऐकणार?

इकडे कॅरेटं वहिनींना धंदा शिकवत होती. देणं सोपं होतं. तोडीच्या दिवसांत बागायतदार दारात येऊन घेऊन जायचे. परत मात्र कोणी आणत नसे. वाईट माणसं नव्हेत ती. पण रिकामं कॅरेट दिसलं की आमच्या माणसाला त्यात काहीतरी भरल्याशिवाय चैन पडत नाही. कोणाच्या घरी त्यात कांदे, कोणाच्या घरी कोंबडी अंड्यावर बसलेली, एका घरी तर महालक्ष्म्यांच्या खाली पाट म्हणून. मागायचं कसं?

वहिनींनी मागायची रीत काढली. रामाकोना गावच्या एका बागायतदाराकडे त्या गेल्या आणि ओसरीत बसल्या. चहा आला, घेतला नाही. पोहे आले, घेतले नाहीत. घरची म्हातारी म्हणाली, "बाई, सुवासिनीनं तोंडात पान्याचा थेंब न घेता आमच्या दारात बसू नये." वहिनी म्हणाल्या, "माह्यं काई नाई जी. कॅरेट निघाले की चहा पितो." गोठ्यातून, माडीवरून, न्हाणीतून कॅरेटं निघाली. मग त्यांनी चहा घेतला, पोहे घेतले, म्हातारीच्या पाया पडल्या, आणि पुढच्या सीझनचं बोलणं पक्कं करून आल्या. तिथून पुढं त्या दिसल्या की लोक चहा टाकायच्या आधी कॅरेटं शोधू लागले.

कितीदा तरी सौंसरहून परतताना त्या मला बसमध्ये भेटत. टपावर कॅरेटं, खाली कंडक्टरशी वाद. कंडक्टर म्हणे सामानाचं तिकीट काढा. वहिनी म्हणत, रिकाम्याचं तिकीट कायचं, त्यात हवा हाय, हवेचं तिकीट काढता का? उतरल्यावर प्रत्येक कॅरेट उलटं करायच्या, बुडावर हाताची थाप मारायच्या, आवाज ऐकायच्या आणि मगच चळतीवर ठेवायच्या. घाई असो, पाऊस असो, ही थाप चुकली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "वरून सारेच चांगले दिसते, भाऊजी. ओझं बूड सोसते." एवढं बोलून वर म्हणाल्या, "आन सांगा यायले, आज वांग्याची भाजी हाय."

गोटमारीच्या वेळचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव उभं राहतं आणि एकमेकांवर दगड फेकतं. आमच्याकडे हे असंच चालत आलं आहे. सरकार दरवर्षी थांबवायला बघतं आणि दरवर्षी थकतं. वहिनींचं माहेर सावरगावचं आणि सासर पांढुर्ण्याचं, त्यामुळे त्या दिवशी दार लावून घरात बसायच्या. कोणाला लागलं तरी आपलंच माणूस. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून पाहतात तर मागच्या अंगणातली कॅरेटं गायब.

मी त्यांच्याबरोबर नदीवर गेलो. बघतो तर काय, दोन्ही काठांवर कॅरेटंच कॅरेटं. दगड वाहून न्यायला याहून सोयीची वस्तू कोणती? आमच्या पोरांनी नेली होती, आणि झटापटीत निम्मी त्या काठावर पोचली होती. वहिनींनी लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. मधोमध उभं राहून दोन्ही काठांकडे आळीपाळीनं तोंड करून त्यांनी जे सुनावलं, ते मी मास्तर असल्यामुळे इथं लिहू शकत नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "निम्मे चोर माहेरचे, निम्मे चोर सासरचे! मी जाऊ कुठं? मुकाट्यानं घेऊन या!" डोक्याला फडकी बांधलेले, आदल्या दिवशी एकमेकांची टाळकी फोडणारे बाप्ये दोन्ही काठांवरून कॅरेटं घेऊन पाण्यात उतरले आणि नदीच्या मधोमध एकाच रांगेत उभे राहिले. वहिनी प्रत्येकाचं उलटं करून थाप मारत होत्या.

हसून हसून माझी पुरेवाट झाली. वहिनी हसल्या नाहीत. बहुतेकांची बुडं फुटली होती. दगडच भरले होते ना. संत्रा ठेवला की खालून गळून पडणार. दिवाळीनंतर आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू व्हायची होती आणि हातात फुटक्या जाळ्या. त्या अंगणात कॅरेटांच्या ढिगाशेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना कोणाशीच न भांडता बसलेलं पाहिलं.

"गेलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यायले सांगा, वैरी मेला."

मला फार वाईट वाटलं. मी निरोप सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती, मनोहर शेडच्या दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी वहिनी जेवून झोपल्या, जगबुडी झाली तरी झोपणारच. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आणि कितीतरी महिन्यांनी त्या शेडमधून आवाज आला. ठकठक नव्हे, खरवडल्यासारखा. आत डोकावलो तर मनोहर शेगडीत सळई लाल करून कॅरेटच्या कडांना भोकं पाडत होता. खिळा ठोकला तर प्लास्टिक चिरतं, हे त्यानं एक फोडून पाहिलं होतं. भोकांतून तार ओवून त्यानं खाली सालईच्या पातळ पट्ट्या आवळून बांधल्या. आमच्या ओट्यावरच्या त्याच्या पेट्यांच्याच पट्ट्या, सोडवलेल्या. त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या पेट्या उकलल्या होत्या. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "प्लास्टिकचं बूड कच्चं असते, मास्तर. मी आधीच सांगतलं होतं."

वहिनी उठून आल्या त्या डोळे चोळत. दारात थबकल्या. मनोहरनं तयार झालेलं कॅरेट पुढं सरकवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि बुडावर थाप मारली. लाकडाचा भरीव आवाज आला. आता बाई रडेल, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "अजी, उरलेले मागच्या खोलीत हायेत. आनू का?"

'भाऊजी, यायले सांगा' नाही. थेट 'अजी'. मी पेपर घेऊन घरी आलो आणि बायकोला म्हणालो, आज गोडाचं कर.

लाकडी बुडाची कॅरेटं त्या सीझनला बाहेर पडली. आणि मग अशी एक गोष्ट झाली जी दोघांच्याही ध्यानीमनी नव्हती. आधी वहिनींनी कॅरेटांना रंगाची खूण करून पाहिली होती. लोक रॉकेलनं पुसून टाकत. आता पुसणार काय? खालून सालईच्या पट्ट्या असलेलं कॅरेट अख्ख्या संत्र्याच्या पट्ट्यात एकाच घरचं. नागपूरच्या मंडीत पडलेलं असलं तरी हमाल म्हणायचा, हे पांढुर्ण्याच्या पेटीवाल्याचं, बाजूला ठेव. मनोहरची फुशारकी शेवटी खरी झाली, फक्त पेटीच्या जागी कॅरेट आलं. लोकांची फुटकी कॅरेटंही दुरुस्तीला येऊ लागली. खिळे ठोकणाऱ्या बायांपैकी काही परतल्या आणि तार ओवू लागल्या. सालईचा वास परत गल्लीत आला.

नाव झालं तसं आमच्या मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, धडा शिकवता ना, मग एक खरा उद्यमी आणून दाखवा. वहिनी नवं लुगडं नेसून शाळेत आल्या. एका पोरीनं पुस्तकातला प्रश्न विचारला, जोखीम म्हणजे काय? वहिनी म्हणाल्या, "समजा, पुढच्या महिन्यात तुमच्या या मास्तरले पगार मिळन का नाई, कोनालेच ठाऊक नाई. तरी ते उद्या सकाळी बस धरून शाळेत आले. हे जोखीम. सध्या ते येते ते नोकरी." वर्ग खदखदून हसला. काय करणार, मीही हसलो. यशाचं रहस्य विचारलं तर म्हणाल्या, "दुपारी झोपत जा. उन्हात डोकं तापलं असताना ठरवलेलं समदं चुकते." एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. खेळाचं सामान ठेवलेलं एक निळं कॅरेट होतं. भाषण अर्ध्यावर सोडून त्या उठल्या, चेंडू, दोऱ्या सगळं जमिनीवर ओतलं, कॅरेट उलटं केलं. खाली सालईच्या पट्ट्या. थाप मारून म्हणाल्या, "हे माह्यं होय." आणि काखेत मारून घेऊन गेल्या. पाहुणीला द्यायचं श्रीफळ माझ्या हातातच राहिलं.

काळ गेला. मनोहर गेला, हृदयाचं दुखणं होतं. ऐन तोडीत गेला. सुतकाचे दिवस पूर्ण व्हायच्या आधीच वहिनींनी फाटक उघडून कॅरेटं द्यायला सुरुवात केली, तर गल्लीत कुजबुज झाली. मला म्हणाल्या, "भाऊजी, लोकायचा संत्रा झाडावर थांबत नाई. आन घरात बसून मी का करू? जिकडे पाहो तिकडे वास येते त्यायचा." हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. मग डोळे पुसून बाहेर उभ्या माणसावर ओरडल्या की अशी कॅरेटं ओढत नेऊ नको, उचल.

त्यांचा मुलगा छिंदवाड्याला सरकारी नोकरीत. सून रेणुका सौंसरची, बापाची संत्र्याची बाग. पोरगी शिकलेली, हुशार, बोलायला गोड. म्हणजे धड्यातले गुण हिच्यात. तिला छिंदवाड्यात करमेना, ती सासूजवळ राहायला आली. आमचं पांढुर्णा जिल्हा झालं त्या सुमाराची ही गोष्ट. फोनवरून ती मोठ्या शहरांतल्या लोकांकडून मागणी घ्यायची आणि बापाच्या बागेतला निवडक संत्रा थेट त्यांच्या घरी पाठवायची. कशात? पुठ्ठ्याच्या खोक्यात. घडी केलेली खोकी टेम्पोतून आली आणि अंगणात, कॅरेटांच्या शेजारी रचली गेली.

"हे परत कसे येतीन?" वहिनींनी विचारलं.

"परत येतच नाही, आई. ज्याच्या घरी गेलं त्याच्याकडेच राहतं. शोधत फिरायची कटकटच नाही."

ती पोर साधं बोलली. पण ज्या बाईनं उपाशी ओसऱ्यांवर बसून, बसच्या टपावरून, नदीच्या पाण्यातून आपला माल परत आणण्यात आयुष्य घातलं, तिच्याच अंगणात त्या सगळ्याला ती कटकट म्हणाली. वहिनी भांडल्या नाहीत, कॅरेटं मोजत बसल्या. हेच वाईट लक्षण होतं.

मी तेव्हा निवृत्त होऊन, बायको गेल्यावर एकटाच ओट्यावर बसणारा झालो होतो. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी वहिनी आल्या. रेणुका अंगणात खोकी जोडत होती, हाकेच्या अंतरावर. वहिनी तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तिले सांगा, जेवन वाढलं हाय."

कितीतरी वर्षांनी तो 'सांगा' कानावर आला.

"आन तिले सांगा," वहिनींचा आवाज चढला, "माह्या अंगनात माहा..."

वाक्य तिथंच थांबलं. त्यांची नजर माझ्या शेजारच्या जागेवर गेली. तिथं मनोहर बसायचा. त्या रिकाम्या जागेकडे त्या बघत राहिल्या. मी विचारलं, "सांगू का, वहिनी?"

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मीच सांगीन."

पण लगेच सांगितलं नाही. घरात निघून गेल्या. त्या दोन घरांत राहणाऱ्या तीन माणसांपैकी त्या रात्री बहुतेक कोणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं ते माझ्या हयातीत पाहिलं नव्हतं. जेवण झालं आणि इंदूवहिनी झोपल्या नाहीत. अंगणात येऊन त्यांनी एक खोकं जोडलं, त्यात संत्रे भरले, आणि उचलून कमरेच्या उंचीवरून खाली सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग वर पाण्याचा तांब्या ओतला. खालचा पुठ्ठा मऊ पडला, कोपरा उसवला, संत्रे घरंगळत माझ्या फाटकापर्यंत आले. आवाजानं रेणुका धावत बाहेर आली आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, सासूनं राग काढला.

वहिनींनी रिकामं खोकं उलटं केलं. बुडावर थाप मारली. फुसका आवाज आला.

"रेणुका," त्या म्हणाल्या, "याचं बूड कच्चं हाय. आत आडवी पट्टी टाकू. धंदा चांगला हाय तुहा, बुडात मार खाशीन."

रेणुका आधी गोंधळली, मग सासूच्या गळ्यात पडली. "सोड वं," वहिनी म्हणाल्या, "संत्रे उचल आधी, लोक पायाखाली घेतीन." मी माझ्या फाटकाजवळचे संत्रे वेचले आणि नेऊन दिले. मनोहर असता तर काय म्हणाला असता ते मला ठाऊक होतं, पण ते मी मनातच ठेवलं.

त्यानंतर त्या स्वतःच लाकडी बुडाच्या एका कॅरेटवर बसून खोक्यांना आतून पट्टी लावायच्या. कॅरेटांची मागणी हळूहळू उतरत गेली. त्याची खंत त्यांना होती, लपवली नाही. "यायनं पेटी उकलली तवा यायले कसं वाटलं असंन, ते आता समजून राहिलं," असं एकदा म्हणाल्या. पण हात थांबला नाही.

मग माझा मुलगा मला नागपूरला घेऊन जायला आला. ज्या दिवशी निघालो त्या दिवशी वहिनी बस स्टँडवर आल्या. डोक्यावर कॅरेट, त्यात काठोकाठ संत्रे. मी म्हटलं, "वहिनी, एवढं ओझं बसमध्ये कुठं ठेवू? खोक्यात द्यायचे ना, घरचीच आहेत."

"खोक्यात दिले तं तुमी कायले परत यान?" त्या म्हणाल्या. "कॅरेट परत आनजा."

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून वळून पाहिलं. निरोपाचा हात वगैरे काही नाही. त्या बसच्या बाजूनं चालत कंडक्टरला ओरडत होत्या, ते कॅरेट आडवं नको करू, सरळ ठेव. माझं त्यांना पाहणं ते शेवटचं.

मी गेलो नाही परत. आज जाऊ, उद्या जाऊ. उन्हाळ्यात फोन आला. दुपारी जेवून झोपल्या, त्या उठल्या नाहीत.

तेराव्याला मी कॅरेट घेऊन पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. वहिनींसारखं भांडावंसं वाटलं, पण ते मला कुठलं जमायला, पैसे देऊन टाकले. अंगणात मंडप होता, माणसं होती. रेणुका पुढं आली. माझ्या हातातलं कॅरेट पाहून तिचे डोळे भरले.

"काका, राहू द्यायचं होतं तुमच्याचकडे."

"नाही बाई," मी म्हणालो, "परत आणायला सांगितलं होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि कॅरेट माझ्या हातून घेतलं. कोपऱ्यातल्या चळतीपाशी गेली. वर ठेवायच्या आधी तिनं ते उलटं केलं, बुडावर थाप मारली, आणि क्षणभर कान देऊन ऐकलं.